सगुणा कोणत्या भाषेत बोलत होती?

एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या लेखनाविषयी पदव्युत्तर वर्गात बोलत असताना एकदा मी कृपाबाई सत्यनाथन यांचा ओझरता उल्लेख केला. फळ्यावर नाव लिहिले, खाली १८६२–१८९४ अशी वर्षे लिहिली, 'सगुणा' आणि 'कमला' या त्यांच्या दोन कादंबऱ्यांची नावे सांगितली; आणि "या बाई मूळच्या अहमदनगरच्या, मराठी; पण लिहिले इंग्रजीत, तेही मद्रासकडे राहून; त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमात त्या येत नाहीत", असे म्हणून पुढच्या नावाकडे वळलो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला.

"सर, पण ती सगुणा घरी आईशी कोणत्या भाषेत बोलत होती?"

"मराठीत. दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार?"

"मग ते मराठी बोलणे आता कुठे आहे?"

वर्गात थोडे हसू उमटले, मीही हसलो आणि तास संपला. पण आपण उत्तर दिले नाही, केवळ वेळ मारून नेली, ही जाणीव काही केल्या जाईना. म्हणून 'सगुणा' पुन्हा वाचायला घेतली. आणि नुसत्या वाचनाने भागेना, तेव्हा तिच्या काही पानांचा मराठी अनुवाद करून पाहिला. प्रकाशित करण्याच्या हेतूने नव्हे, तर ते हरवलेले बोलणे ऐकू येते का हे पाहण्यासाठी. त्या खटाटोपात जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

*

प्रथम थोडा चरित्राचा भाग, कारण कृपाबाई आपल्याकडे फारशा कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे (म्हणजे आताच्या अहिल्यानगरात) झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावातून ख्रिस्ती झालेल्या नगरमधील अगदी सुरुवातीच्या ब्राह्मण कुटुंबांपैकी हे एक. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील त्यांच्या लहानपणीच वारले. पुढे आईने आणि भास्कर या थोरल्या भावाने त्यांना वाढवले. धाकट्या बहिणीला पुस्तके आणून देणारा, तिच्याशी बरोबरीने वाद घालणारा हा भाऊही तरुणपणीच गेला. 'सगुणा' ही एका अर्थाने त्याची समाधी आहे.

भावाच्या मृत्यूनंतर मुंबईला झनाना मिशनच्या गोऱ्या बायांकडे त्यांचे शिक्षण झाले. तेथे वैद्यक शिकण्याची इच्छा मनात रुजली. इंग्लंडला जाण्याची संधी समोर आली होती, पण प्रकृती तो प्रवास आणि ती हवा सोसणार नाही, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश द्यायला आरंभ केला होता. तेथे १८७८ साली कृपाबाई दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली. म्हणजे त्यांच्या पाच वर्षे आधी एक मराठी मुलगी घरापासून शेकडो मैलांवर, भाषेने सर्वस्वी परक्या असलेल्या शहरात वैद्यकाची पाठ्यपुस्तके वाचत होती. राहण्याची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाली होती.

अभ्यासात त्यांनी चमक दाखवली. शरीराने मात्र वर्षभरातच असहकार पुकारला. १८७९ साली त्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी पुण्याला आपल्या बहिणीकडे आल्या. सुमारे वर्षाने परत मद्रासला गेल्या, पण वैद्यकीय शिक्षण सुटले ते सुटलेच. सत्यनाथन यांचे पुत्र सॅम्युएल केंब्रिजला शिकून आले होते. १८८१ मध्ये त्यांना उटकमंडच्या ब्रीक्स मेमोरियल स्कूलचे मुख्याध्यापकपद मिळाले आणि त्याच सुमारास दोघांचा विवाह झाला. निलगिरीच्या हवेत कृपाबाईंची प्रकृती सुधारली. त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, इतर शाळांतून शिकवले, आणि नियतकालिकांतून लेख लिहू लागल्या. लेखांखाली स्वतःचे नाव नसे. 'एक भारतीय स्त्री' एवढीच सही असे.

पुढे पतीच्या नोकरीनिमित्त राजमहेंद्री, तेथून कुंभकोणम आणि १८८६ मध्ये पुन्हा मद्रास. कुंभकोणम तंजावरच्या अगदी शेजारी आहे. त्या तंजावरात भोसल्यांच्या दरबारी मराठी नाटके लिहिली गेली होती, आणि ते राज्य संपून तेव्हा पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती. ती मराठी वेगळी, ही नगरची मराठी वेगळी, हे खरे. तरीही नकाशावर ते ठिकाण पाहताना मी क्षणभर थबकतो.

'सगुणा' १८८७–८८ या काळात 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास कृपाबाईंना मूल झाले आणि वर्षाचे होण्याच्या आत गेले. त्यानंतर क्षयाचे निदान झाले. आपल्यापाशी फार दिवस उरलेले नाहीत हे कळल्यावर त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली आणि अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतही ती पुरी केली. ३ ऑगस्ट १८९४ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'कमला' त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली, 'सगुणा' पुढच्या वर्षी. १८९६ पर्यंत दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्येही गेल्या होत्या. म्हणजे ज्या भाषेत त्या दोन कादंबऱ्यांतील माणसे कधीच बोलली नसतील, त्या भाषेत ती माणसे बोलू लागली होती.

*

दोन्ही पुस्तकांची उपशीर्षके पाहण्यासारखी आहेत. 'सगुणा' ही नेटिव्ह ख्रिस्ती जीवनाची कथा, तर 'कमला' ही हिंदू जीवनाची कथा. दोन्हींना प्रस्तावना किंवा चरित्रपर टिपण जोडले आहे ते मद्रासमधील इंग्रज बायांनी. इंग्रज वाचकाच्या हाती एतद्देशीय जीवनाचे दोन नमुने दिले आहेत, एक या धर्माचा आणि एक त्या धर्माचा, असा एकूण रोख. पुढे १९९८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली ही पुस्तके पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा 'सगुणा'ला भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी अशी ओळख मिळाली. शंभर वर्षांत पाटी बदलली. 'नेटिव्ह ख्रिस्ती' जाऊन 'भारतीय इंग्रजी' आले. 'मराठी' हा शब्द मात्र ना या पाटीवर होता, ना त्या.

आणि तरीही दोन्ही कादंबऱ्या हाडामांसाने मराठी आहेत. 'सगुणा'चा पूर्वार्ध म्हणजे आईची, राधेची कथा: बालवयात सासरी आलेली सून, सासरचा जाच, नवऱ्याच्या मनात चाललेली धर्मविषयक उलथापालथ, आणि अखेरीस त्याच्या मागोमाग एका अनोळखी घरात, अनोळखी धर्मात टाकलेले तिचे पाऊल. उत्तरार्धात सगुणेचे स्वतःचे बालपण, वाचनाचा नाद, त्यावरून आईशी होणारे खटके, भास्कर, मिशनमधील मडमा आणि त्यांच्या उपकारशील वागण्यातून डोकावणारा वर्णाचा अहंकार, मद्रासचे कॉलेज, आजार, विवाह. 'कमला'तील माणसे तर थेट गोदावरीकाठच्या ब्राह्मण वस्तीतील आहेत. सासू, नणंद, पाणवठ्यावरच्या मैत्रिणी, जत्रा, गणेश नावाचा नवरा, त्याचे भरकटणे, पटकीने झालेला त्याचा मृत्यू, आणि कमलेचे वैधव्य.

'कमला'च्या शेवटाविषयी थोडे थांबून बोलायला हवे. रामचंद्र हा तिच्यावर प्रेम करणारा, चांगला माणूस तिला मागणी घालतो. कमला ती नाकारते आणि उरलेले आयुष्य दुसऱ्यांची सेवा करण्यात घालवते. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) विधवा यमुना अखेर ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाहही होतो; प्रचारासाठी लिहिलेल्या कादंबरीला साजेसाच तो शेवट. कृपाबाई त्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्या. त्यांना तसा शेवट करणे अगदी सोपे होते आणि त्यांच्या वाचकांना तो रुचलाही असता. त्यांनी तो केला नाही. कमला हिंदूच राहते, एकटी राहते. आणि ज्या श्रद्धेने तिला बांधले तिच्याविषयी लेखिकेच्या मनात राग आहे की आदर, हे ठरवणे वाचकावर सोपवले जाते. क्षयाने झिजत चाललेल्या बत्तीस वर्षांच्या स्त्रीने दाखवलेला हा संयम मला फार मोठा वाटतो.

*

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कृपाबाई मराठी वाङ्मयाच्या इतिहासात का नाहीत? सोपे उत्तर असे की त्या ख्रिस्ती होत्या. ते उत्तर टिकत नाही. बाबा पदमनजी आहेत. त्यांच्या कादंबरीला तर पहिल्या मराठी कादंबरीचा मान आहे. लक्ष्मीबाई टिळक आहेत; 'स्मृतिचित्रे' ज्याच्या शेल्फावर नाही असा मराठीचा प्राध्यापक विरळा. विशेष म्हणजे लक्ष्मीबाई जी कथा सांगतात, नवऱ्याने ख्रिस्ती होणे, बायकोने आधी तुटणे आणि मग स्वतःच्या पायांनी चालत त्या धर्मात जाणे, तीच कथा, त्याच नगर परिसरातली, दोन पिढ्या आधीची, 'सगुणा'च्या पूर्वार्धात आहे. राधा ही लक्ष्मीबाईंची पूर्वसूरी शोभते. मग एकीला घरात जागा आणि दुसरी उंबऱ्याबाहेर, यामागे धर्म नाही. भाषा आहे. आपण वाङ्मयाचा इतिहास भाषेच्या कुंपणाने आखतो. ते कुंपण रास्तही आहे, कारण ते काढले तर वाङ्मयाचा इतिहास समाजाच्या इतिहासात विरघळून जाईल. मीही वर्गात हेच सांगत आलो होतो.

पण कृपाबाईंनी इंग्रजी का निवडली असेल? व्यवहारातील कारणे उघड आहेत. शिक्षण इंग्रजीतून झालेले. पती तमिळ, पत्नी मराठी. त्या घरात दोघांना जोडणारी भाषा इंग्रजीच असणार. ज्या शहरात त्या राहत तेथे मराठी वाचणारा शेजारी नाही. 'ज्ञानोदय' हे मिशनचे मराठी नियतकालिक नगरलाच १८४२ साली सुरू झाले होते, म्हणजे मराठीत लिहिण्याची वाट अगदीच बंद होती असे नाही. पण ती वाट माहेरी जात होती आणि त्यांचा संसार दुसरीकडे होता.

या ठिकाणी मला बिथिया क्रोकर ही आयरिश कादंबरीकार आठवते. लष्करी अधिकाऱ्याची पत्नी म्हणून ती भारतात आली, सुमारे चौदा वर्षे येथे राहिली, सिकंदराबादच्या छावणीतील उन्हाळ्याचे कंटाळवाणे दिवस घालवण्यासाठी लिहू लागली, आणि १८८२ मध्ये तिची पहिली कादंबरी लंडनमध्ये छापून आली. आज तिलाही फारसे कोणी वाचत नाही. परंतु ती परदेशात होती तेव्हा तिचा वाचक मायदेशी सुखरूप होता. हजारो मैल दूर बसूनही ती आपल्याच माणसांशी बोलत होती. कृपाबाई आपल्या देशातच होत्या. त्यांनी समुद्र ओलांडला नाही, पण ज्यांच्याविषयी त्या लिहीत होत्या त्यांतील कोणालाही त्यांचे लेखन वाचता येत नव्हते. खुद्द आईला, राधाबाईंना, आपल्यावर लिहिलेली पाने वाचता आली असती का, हा प्रश्न मनात आला की पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

*

इथवरचा विचार मी अनुवादाला बसण्यापूर्वीच केलेला होता, आणि तो सगळा तोट्याचा हिशेब होता. बसल्यावर पहिल्याच पानाला अडलो, ते एका सर्वनामाशी.

राधा आपल्या नवऱ्याशी बोलते. इंग्रजीत ती त्याला जे सर्वनाम वापरते, तेच तो तिला वापरतो, तेच सगुणा भावाला वापरते, आई मुलीला वापरते आणि मडम विद्यार्थिनीला. सर्वांना एकच शब्द. मराठीत आल्याबरोबर त्या एका शब्दाच्या चिंध्या होतात. आईला 'तू', वडिलांना 'तुम्ही'. बहुतेक मराठी घरांत मूल बोलायला लागते तेव्हाच ही उतरंड त्याच्या जिभेवर बसते. सून सासूला काय म्हणेल, नणंदेला 'वन्स' म्हणेल, दिराला काय म्हणेल, हे सारे आधीच ठरलेले. आणि नवऱ्याला? १८४०–५० च्या सुमाराची ब्राह्मण घरातील राधा नवऱ्याचे नाव तर घेणार नाहीच, पण 'तुम्ही' म्हणणेही तिला जड जाईल. ती 'इकडे' म्हणेल. 'इकडून काही सांगणे झाले का?' असे काहीतरी. म्हणजे समोरच्या माणसाला माणूस न म्हणता दिशा म्हणायचे, आणि क्रियापदाचा कर्ता पुसून टाकायचा.

माझी आजी असेच बोलत असे. आजोबा गेल्यावरही तिने त्यांचे नाव कधी उच्चारले नाही. लहानपणी मला तो केवळ जुन्या माणसांचा गोड रिवाज वाटे. 'सगुणा'चे पान समोर ठेवून राधेच्या तोंडी 'इकडे' घातले, तेव्हा प्रथमच लक्षात आले की त्या एका अव्ययाने तिचे सारे बोलणे वाकले. इंग्रजीत ती नवऱ्याला प्रश्न विचारत होती. मराठीत ती विनवणी करू लागली. मी एकही शब्द पदरचा घातला नव्हता. भाषेनेच तो घातला.

मग सहज इतर बायकांकडे वळलो. रमाबाई रानडे कृपाबाईंच्या अगदी समवयस्क. जन्म १८६२ चाच, जानेवारीचा. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात त्या पतीचा निर्देश 'स्वतः' असा करतात. नवरा तो 'स्वतः', मग आपण कोण? लक्ष्मीबाई 'टिळक' म्हणतात, सरळ आडनाव. आणि त्या एका शब्दाने 'स्मृतिचित्रे'ला केवढी मोकळी हवा मिळाली आहे! प्रत्येकीला मराठीत स्वतःचे आयुष्य सांगताना नवऱ्याला काय म्हणायचे या प्रश्नाशी आधी झगडावे लागले. मग पुढची कथा. त्यांतल्या लक्ष्मीबाईंनाही हे जमले ते विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. १८८७ साली मद्रासमध्ये बसलेल्या पंचवीस वर्षांच्या कृपाबाईंना इंग्रजीने तो झगडाच टाळून दिला. एक सपाट सर्वनाम दिले, ज्यात मान नव्हता आणि अपमानही नव्हता.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म निघाली. 'सगुणा' प्रथमपुरुषी कादंबरी आहे. इंग्रजीतील 'मी' बाईचा की पुरुषाचा, हे वाक्य सांगत नाही. मराठीत ते दर वाक्याला सांगावे लागते: मी गेले, मी वाचू लागले, मी विचारले तेव्हा रडत होते. पुरुष असल्यामुळे मला हे लिहिताना सुरुवातीला हात अवघडल्यासारखा झाला. आणि मग आठवले की १८९० मध्ये 'करमणूक' सुरू करून हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात नेमके हेच केले होते. 'पण लक्षात कोण घेतो' मधील यमू 'मी' म्हणून बोलते आणि तिचे प्रत्येक क्रियापद स्त्रीलिंगी आहे. दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या. पुण्यात एक पुरुष मराठी स्त्रीच्या तोंडची मराठी लिहीत होता, आणि मद्रासमध्ये एक मराठी स्त्री आपलीच गोष्ट अशा भाषेत सांगत होती जिथे 'मी'ला लिंग नव्हते. आपण हरिभाऊंच्या सहानुभूतीचे कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण यमूचा आवाज आपल्या कानांत इतका घट्ट बसला आहे की त्या काळातील मराठी स्त्री म्हटली की ती तशीच बोलणार, असे आपण धरून चालतो. माझ्या अनुवादातील सगुणा दोन पानांतच यमूसारखी बोलू लागली होती. हळवी, सोसणारी, स्वतःला कमी लेखणारी. मूळ सगुणा तशी नाही. ती चिडते, वाद घालते, मडमांच्या तोंडावर रुसते, भावाशी बरोबरीने बोलते, आपण शहाण्या आहोत हे तिला ठाऊक आहे.

तेव्हा हिशेब उलटा झाला. इंग्रजीत लिहून कृपाबाईंनी आपले मराठी बोलणे हरवले, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या बोलण्यातील एक भाग त्यांना हरवायचाच असावा. इंग्रजी ही त्यांच्यासाठी केवळ सत्तेची किंवा शिक्षणाची भाषा नव्हती. वाकून न बोलता आईची आणि स्वतःची गोष्ट सांगता येईल अशी ती जागा होती. त्या जागेचे भाडे मात्र जबर होते: ज्यांची ती गोष्ट, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार नाही. कृपाबाईंनी ते भाडे भरले. आपण त्यांना वाङ्मयाच्या इतिहासातून वगळून दर पिढीला ते नव्याने वसूल करतो आहोत.

*

१८७९ च्या पुण्याचा विचार मी वारंवार करतो. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते वर्ष. मे महिन्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आग लागली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' पाच वर्षांची झाली होती आणि मराठी गद्य ताठ मानेने उभे राहत होते. न्यू इंग्लिश स्कूल निघायला एक वर्ष होते, पंडिता रमाबाई पुण्यात यायला तीन, हुजूरपागेची मुलींची शाळा निघायला पाच. त्या गावात सतरा वर्षांची एक आजारी मुलगी बहिणीच्या घरी राहत होती. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट राहिलेले, भाऊ गेलेला, पुढे काय हे ठाऊक नाही. ती थोडी उशिरा आली असती, किंवा थोडी अधिक राहिली असती, तर? आनंदीबाईही अखेरीस पुण्यालाच आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत येथेच वारल्या. त्यांच्यावर काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले, पुढे श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' आली. पुण्याने आनंदीबाईंना कधी विसरू दिले नाही. कृपाबाई मात्र येथून बरी होऊन परत गेल्या. मृत्यू गावात झाला म्हणजे आठवण राहते आणि बरे होऊन कोणी गेले तर राहत नाही, असा काही नियम असावा.

पण 'तर' या शब्दाला फार अर्थ नाही. त्या पुण्यात राहिल्या असत्या, मराठीत लिहू लागल्या असत्या, तर त्यांनी 'सगुणा' लिहिली असती का, याची मला आता खात्री वाटत नाही. कदाचित त्यांनी एखादे सोज्ज्वळ, वाकलेले, आपल्या इतिहासात सहज बसणारे पुस्तक लिहिले असते.

विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर मी असे देईन: सगुणा आईशी मराठीतच बोलत होती, पण जे तिला आईला मराठीत म्हणता आले नसते, ते तिने इंग्रजीत लिहून ठेवले. ते मराठीत आणणे हे आपले काम आहे, आणि ते आणताना पाठ पुन्हा वाकणार नाही हे पाहणे त्याहून मोठे काम. आपल्या आजच्या मराठीत ते शक्य आहे. 'इकडे' गेले, नवऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या मुली माझ्याच वर्गात बसतात.

माझ्या वहीत आतापर्यंत सुमारे चाळीस पाने झाली आहेत. राधेच्या तोंडी 'इकडे' मी ठेवले आहे, कारण ती तसेच बोलली असती. पण धर्मांतरानंतरच्या प्रसंगांत ते हळूहळू कमी करत नेले आहे आणि एका ठिकाणी ती प्रथमच 'तुम्ही' म्हणते. मुळात तशी काही खूण नाही, ही जबाबदारी माझी. भास्करला सगुणा 'तू' म्हणते. मडमा तिला 'तू' म्हणतात आणि तिने त्यांना 'तुम्ही' म्हणावे अशी अपेक्षा धरतात. तेथे मराठीने मूळ इंग्रजीला न जमलेले काम चोख केले आहे. राहता राहिला शेवटचा भाग, जेथे शिकलेली, आजारातून उठलेली सगुणा आपल्या होणाऱ्या पतीशी बोलते. तिथे 'तू' लिहू की 'तुम्ही'? दोन्ही पेन्सिलीने लिहून पाहिले आहे. अजून एकही खोडलेले नाही.